लळ्याची चकती

द्वारका वेखंडेचे हात तेवढे गुणाचे, असं तिची पोटची मुलगीसुद्धा म्हणायची. बाकी बाईत घेण्यासारखं काही आहे असं प्रणालीला वाटत नसे, आणि ते ती लपवतही नसे. द्वारकेची जीभ तिखट, वागणं आडमुठं, केसांत बारा महिने गवताची काडी. पण वाळल्या गवताची मूठ हातात घेऊन एकदा पिळली की त्यात पाणी किती, कापून किती दिवस झाले, वर दव बसलं होतं की नाही, हे ती घडाघडा सांगायची आणि ते खरं निघायचं. मुरबाडकडच्या गवताच्या वखारीत तिची तीस वर्षं गेली. तिथल्या गठाणी मुंबईच्या तबेल्यांना जायच्या. पुढे तबेले उठले, वखार बंद पडली, आणि त्या जागी पांढऱ्या भिंतींचा एक कारखाना उभा राहिला. कंपनीचं नाव काहीतरी संस्कृत होतं. गावात तिला ससाकंपनीच म्हणत. वखारीतल्या बावीस बायकांपैकी कंपनीने एकीलाच ठेवून घेतलं, द्वारकेला. राहिलेल्या एकवीस जणींनी तिच्याशी बोलणं टाकलं. तिचं फार काही अडलं नाही, ती तशीही कुणाशी धड बोलत नव्हतीच.

आता ही ससाकंपनी करायची काय, ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

कुत्री भुंकतात, मांजरं जिन्यात घाण करतात म्हणून शहरातल्या बहुतेक सोसायट्यांनी दोन्हींना बंदी घातल्याला तोवर पाच-सहा वर्षं झाली होती. राहता राहिला ससा. ना आवाज, ना तक्रार. पण सशाचं एक असतं, तो माणसाला जीव लावेलच असं नाही. मूड असला तर येईल, नाहीतर सोफ्याखाली बसून तुमच्याकडे पाठ करेल. पैसे मोजून आणलेल्या प्राण्याने पाठ फिरवलेली शहरातल्या माणसाला सोसत नाही. त्यावर कंपनीने उपाय काढला.

ससा जगतो गवतावर. त्याचे दात मरेपर्यंत वाढत असतात, ते झिजायला दिवसभर काड्या चघळाव्या लागतात. आतडंही तसंच. वरून गवत येत राहिलं तर पुढे सरकतं. दीड-दोन दिवस पोटात काही गेलं नाही की ते थांबतं, आणि थांबलेलं आतडं पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नसतो. फ्लॅटमध्ये गवताचा भारा कोण ठेवणार? म्हणून ते दाबून तळहाताएवढ्या चकत्या करायच्या. इथवर जुनंच होतं. नवा होता तो चकतीतला जिवाणू.

सशाच्या पोटात आंधळ्या आतड्याची मोठी पिशवी असते, गवत तिथे आंबतं. तिथून पडणाऱ्या मऊ लेंड्या ससा स्वतःच परत खातो. त्यामुळे एकदा पोटात गेलेला जिवाणू तिथेच घर करून राहतो. कंपनीचा जिवाणू शिकवून तयार केलेला होता. गवताबरोबर माणसाच्या अंगाच्या वासाचे कण आले की तो एक रस सोडायचा, आणि त्या रसाने सशाच्या मेंदूला सुख व्हायचं. गिऱ्हाइकाने सुती फडकं दोन दिवस उशीच्या अभ्र्यात ठेवून कंपनीकडे पाठवायचं. कंपनी त्यातला वास वाफेवर उतरवून त्या गिऱ्हाइकाच्या नावाच्या चकत्यांत दाबायची. वास आठ दिवसांत उडतो, म्हणून दर आठवड्याला ताजा पुडा घरी. महिनाभरात ससा त्या माणसाच्या पायात पायात. चकतीचं नाव ठेवलं होतं 'लळा'. पुड्यामागे मुंगीएवढ्या अक्षरांत आणखी एक गोष्ट छापलेली होती, की सवय झाल्यावर त्या वासाशिवायच्या गवताला ससा गवत मानत नाही. ती कुणी वाचत नसे.

कारखान्यात सगळं यंत्र करायचं. एक सोडून. गवत वरून कडकडीत दिसलं तरी पेरात पाणी राहतं, आणि तसं दाबलं तर चकतीला आतून बुरशी धरते. यंत्राला पेरातलं पाणी कळायचं नाही, द्वारकेला कळायचं. म्हणून दाबयंत्राच्या आधी, गवताच्या लांब कुंडापाशी तिला उभं केलं होतं. दर खेपेला हात घालायचा, पिळायचं, बरं किंवा नाही म्हणायचं.

"उघडा हात गवताला लागता कामा नये, द्वारकाबाई," कंपनीच्या शास्त्रज्ञ सोहनीबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं आणि पांढऱ्या हातमोज्यांचा खोका पुढे ठेवला.

"का म्हणून?"

"स्वच्छता," सोहनीबाई म्हणाल्या. खरं कारण त्यांनी सांगितलं नाही. वखारीतल्या बाईला वासाचं शास्त्र काय समजावत बसायचं, असा विचार त्यांनी केला असणार.

द्वारकेने आठवडाभर मोजे घालून पाहिले. मोज्यातून गवत कळेना. दोन खेपा बुरशीने वाया गेल्या आणि तिला बोलणी बसली. मग तिने आपला मार्ग काढला. प्रश्न स्वच्छतेचा होता ना? साबणाने कोपरापर्यंत तीनदा हात धुवायचे, मोजे कमरेला खोचायचे आणि उघड्या हातांनी गवत पिळायचं. खेपा पुन्हा बिनचूक यायला लागल्या. सोहनीबाईंनी तिचं कौतुक केलं. दिवसाचे आठ तास, कुंडाच्या वाफेत, द्वारकेच्या तळहातांचा घाम ठाण्या-पुण्याच्या एकवीसशे सशांच्या चकत्यांत मुरत राहिला. त्याच्यापुढे दोन दिवसांच्या फडक्याची काय कथा?

तर अशा त्या द्वारकेला नोव्हेंबरात मुलीचा फोन आला. नातीचा, अन्वीचा, सातवा वाढदिवस होता.

"तीनला ये, साडेपाचला नीघ," प्रणाली म्हणाली. "सहाला निशांतच्या ऑफिसची माणसं येणार आहेत." निशांत म्हणजे द्वारकेचा जावई.

"येते की. साडेपाचला निघते," द्वारका म्हणाली. एरवी असं कुणी बोललं असतं तर तिने त्याची सात पिढ्यांची विचारपूस केली असती. पण इथे तिचं तोंड बांधलेलं होतं. प्रणालीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलं होतं. पोर सातव्या महिन्यात बॅग भरून बसली, आणि द्वारकेने निरोप धाडला, गवताची कापणी ऐन भरात आहे, मला वखारीतून सोडत नाहीत, महिनाभर तिकडेच काढ. अन्वी सासरी जन्मली. जावेपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी प्रणालीला विचारलं, आई नाही आली? त्यानंतर सात वर्षांत द्वारका लेकीच्या घरात मोजून चार वेळा गेली होती, आणि चारही वेळा चहा पिऊन परत आली होती.

ठाण्यातल्या, बाविसाव्या मजल्यावरच्या त्या घरात ती नाचणीच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन सोफ्याच्या टोकाला बसली. अन्वीने दारातूनच "थँक्यू आजी" म्हटलं आणि ती आत पळाली. प्रणाली ताटल्या पुसत होती.

तेवढ्यात सोफ्याखालून कापशी निघाली. पांढरी, जाडजूड, कान पाडलेली सशीण. द्वारकेच्या पायांभोवती तिने तीन गिरक्या घेतल्या, अंगठ्यावर हनुवटी घासली, आणि तिथेच पाय ताणून धपकन कुशीवर पडली. तिचे दात हलके हलके कुरकुरत होते. ससा सुखात असला की तसे वाजतात.

"मम्मा," आतून आलेली अन्वी दारातच थबकली. "कापशी आजीकडे गेली."

प्रणालीचा हात थांबला. "दोन महिने झाले, कुणाच्याच जवळ जात नाही ती," ती म्हणाली. "हिच्या नावाच्या चकत्या खाते आणि हिच्याकडे बघतसुद्धा नाही. रोज रडारड असते."

अन्वी हळूहळू येऊन आजीला खेटून बसली. कापशी उठून जाऊ नये म्हणून तिने आजीच्या हाताखालून आपला हात घातला आणि सशाच्या पाठीवर ठेवला. पोरीचं अंग ऊन ऊन होतं. द्वारकेच्या कुशीत तिची नात पहिल्यांदा बसली होती, आणि द्वारकेला इतकं बरं वाटलं की तिला पायाला आलेल्या मुंग्या सांगवेनात.

सव्वापाच झाले तशी ती उठायला लागली. अन्वीने तिचा पदर धरला. प्रणालीने घड्याळाकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं.

"राहा आजच्या दिवस," ती म्हणाली. "आतल्या खोलीत बस फक्त, लोक आल्यावर."

द्वारका आतल्या खोलीत बसली. बाहेर केक कापला जात असताना तिने कोपऱ्यातला चकत्यांचा पुडा उचलला. वर अन्वीचं नाव होतं. सवयीने तिने एक चकती काढली, मोडली आणि नाकाशी धरली. मारवेल गवत, चांगलं वाळलेलं. त्याच्या आड लहान मुलाच्या उशीचा अगदी पुसट वास. आणि त्या सगळ्यावर, ठसठशीत, तिचे स्वतःचे हात.

वखारीत तीस वर्षं काढलेल्या नाकाला आणखी काही सांगावं लागत नाही. हातमोजे कशासाठी होते ते तिला त्या खोलीत बसल्या बसल्या कळलं. कापशी कुणाची झाली होती तेही कळलं, आणि का, तेही.

तिने चकती पुड्यात परत ठेवली आणि पुड्याचं तोंड घट्ट दुमडून टाकलं.

आजचा दिवस म्हणता म्हणता आठवडा झाला. द्वारकेने कारखान्यात फोन करून पाठ धरली म्हणून सांगितलं. तिच्या जागी कुणीतरी नवीन मुलगी उभी केली, मोजे घातलेली, आणि पेरातलं पाणी मोजणारं नवं यंत्र पुण्याहून मागवलं. द्वारकेला त्याचं सोयरसुतक नव्हतं. अन्वी शाळेतून आली की दप्तर टाकून तिला बिलगायची. मग कापशी यायची, मग तिघी खिडकीशी बसायच्या. प्रणाली चहाचा कप न मागता आणून द्यायची. एकदा तर तिने आईच्या केसांतली काडी काढली आणि केरात टाकली. द्वारका दिवसभर ते आठवत राहिली.

दुसऱ्या आठवड्यात नव्या चकत्यांचा पुडा आला. कापशीने एक हुंगली आणि तोंड फिरवलं. द्वारकेने कुणी बघत नाही असं पाहून ती चकती दोन्ही तळहातांत घोळवली, बोटांत कुस्करली आणि पुन्हा पुढे केली. कापशीने फडशा पाडला. त्या दिवसापासून कापशीला खायला घालायचं काम आजीचं, असं घरात ठरून गेलं.

बाकीच्या घरांत हात घोळवायला द्वारका नव्हती.

सोसायटीच्या ग्रुपवर आधी एकाने विचारलं, कुणाचा ससा खात नाही का? मग दुसऱ्याने. चार दिवसांत अकरा घरांतून तेच. डॉक्टर नळीने पाणी आणि पेज घालत होते, आतडी हलत नव्हती. पहिला ससा गेला नवव्या मजल्यावरचा. अन्वी शाळेतून बातम्या घेऊन यायची. "आमच्या वर्गात तिघांचे ससे मेले आजी. टीचरनी विचारलं, तुझा कसा जगला? मी सांगितलं, माझ्या आजीमुळे." सांगताना तिची मान ताठ असायची. द्वारका हसायची.

सोळाव्या मजल्यावर कर्णिक राहायचे, पोस्टातून निवृत्त झालेले, एकटे. त्यांच्या सशाचं नाव बटाटा, त्यांच्या गेलेल्या बायकोने ठेवलेलं. एका सकाळी ते दारात आले.

"तुमच्या हाताला गुण आहे म्हणे, ताई," ते म्हणाले. "एकदा येऊन बघाल का? चार दिवस जागचा हललेला नाही. मला तसं दुसरं कुणी नाही."

प्रणाली म्हणाली, "जा ना आई. जाऊन ये."

नाही म्हणायला सोय नव्हती. पण खरी मेख द्वारकेला दिसत होती. दुसऱ्या घरातला ससाही तिच्यावर तसाच धावला तर ही हाताची पुण्याई राहणार नव्हती. कुणीतरी विचारणार होतं, सगळे ससे या बाईकडेच का येतात? मग चकत्यांवर बोट जाणार, मग तिच्या हातांवर. कंपनी काहीतरी तोड काढणार, कापशी अन्वीची होणार. आणि साडेपाचला नीघ.

ती मोरीत गेली. चिंच लावून, भांड्याच्या साबणाने तिने हात चोळले, वर खोबरेल फासलं, प्रणालीची शाल डोक्यापासून लपेटली, आणि कर्णिकांच्या दारात जाऊन उभी राहिली. आत पाऊल टाकलं नाही.

बटाटा खिडकीखाली गोणपाटावर पडला होता. त्याच्या पोटाचा नगारा झाला होता. द्वारका दारात आली तसं त्याचं नाक हललं. त्याने मान उचलली. मग पुढचे पाय टाकले. मागचे उचलत नव्हते, ते ओढत तो फरशीवरून तिच्याकडे सरकायला लागला. एक फरशी, दोन फरश्या.

"अरे, चालला. ताई, चालला तो," कर्णिक म्हणाले.

द्वारका मागे सरली. "हे काही बरं लक्षण नाय," ती म्हणाली. "मला भीती वाटते मेल्याची. डॉक्टरला दाखवा." आणि ती लिफ्टकडे वळली. मागे वळून तिने पाहिलं नाही, पण नखांचा खर्र खर्र आवाज तिला लिफ्टचं दार बंद होईपर्यंत ऐकू येत होता.

नुसता तळहात पुढे केला असता तरी तो खायला लागला असता. हे तिला पक्कं ठाऊक होतं. संध्याकाळी ग्रुपवर बटाटा गेल्याचं आलं. त्या दिवशी जेवताना तिने नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त खाल्ली, भुकेने नव्हे, पानावरून उठून कुणाशी बोलावं लागू नये म्हणून.

बटाटा गेल्याच्या पाचव्या दिवशी सोहनीबाई आल्या. मेलेल्या सशांच्या घरोघरी त्या स्वतः फिरत होत्या. डोळे सुजलेले, हातात टॅब. दार प्रणालीने उघडलं. सोहनीबाईंनी आत पाहिलं तर मध्यभागी द्वारका, तिच्या मांडीवर सबंध ठाण्यातला एकुलता एक धडधाकट ससा.

त्या बसल्यासुद्धा नाहीत. "कर्णिक म्हणाले, चार दिवस न हललेला ससा एका बाईकडे सरपटत गेला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं म्हातारा दुःखाने बरळतोय. द्वारकाबाई, तुम्ही हातमोजे घालत होता ना?"

"तुम्ही म्हणालात स्वच्छता," द्वारका म्हणाली. "मी हात धुवायचे. तीनदा धुवायचे, कोपरापर्यंत."

सोहनीबाईंनी डोळे मिटून घेतले. चूक कुठे झाली हे त्यांनाही कळलं, आणि तिच्यात आपला वाटा किती हेही. पण त्या कंपनीच्या बाई होत्या, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. त्यांनी प्रणालीला सगळं समजावून सांगितलं, चकती, जिवाणू, वास, घाम. प्रणाली उभ्याने ऐकत होती.

"तुला कधी कळलं?" तिने आईला विचारलं.

खोटं बोलायला जागा होती. का कोण जाणे, द्वारकेला ते जमलं नाही. "वाढदिवसाला."

"म्हणजे कर्णिक काकांकडे गेलीस तेव्हा तुला माहीत होतं."

"होतं."

"हात पुढे केला असतास तर जगला असता."

"मला राहायचं होतं गं इथे," द्वारका म्हणाली. "तू म्हणालीस राहा. जन्मात पहिल्यांदा म्हणालीस. मी काय करू?"

प्रणालीचा चेहरा हलला नाही. "माझ्या वेळेला गवत होतं तुझं," ती म्हणाली. "आत्ताही गवतच."

सोहनीबाईंना घाई होती, एकवीसशेंतले नऊशे ससे नळीच्या पेजेवर अजून जिवंत होते. त्यांनी उपाय सांगितला. द्वारकाबाईंना जन्मभर कुंडापाशी उभं करून सशांना जगवता येईल. पण माणूस आहे, उद्या आजारी पडतं, औषध घेतं, वास बदलतो. कंपनी एका बाईच्या घामावर उभी राहू शकत नाही. दुसरा मार्ग पक्का. तिचाच वास घेऊन त्याच्या चकत्या करायच्या आणि त्यांत मळमळीचं औषध घालायचं. सशाला ओकता येत नाही. खाल्लं की सहा तास त्याच्या पोटात कालवाकालव होते आणि ती त्याला सोसावीच लागते. असं तीन दिवस केलं की तो वास त्याच्या मेंदूत सुखाचा न राहता भयाचा होतो. एकदा तो तुटला की ससा त्याची वाट बघत बसत नाही, साधं गवत खायला लागतो. बरोबर जिवाणू मारायचं औषध.

"म्हणजे ते मला भ्यायला लागणार," द्वारका म्हणाली.

"तुमच्या वासाला."

"सगळे?"

"सगळे. त्यासाठी तुमचा घाम लागेल. आणि सही."

द्वारकेने कापशीच्या पाठीवरून हात फिरवला. "घ्या घाम. हिला एकटीला सोडा. हिला मी आहे."

"ते घरच्यांनी ठरवावं," सोहनीबाई म्हणाल्या.

प्रणालीने अन्वीला हाक मारली. पोर पुस्तक हातात घेऊन आली. प्रणालीने तिला समोर उभं केलं आणि सरळ विचारलं, "कापशी तुझी झालेली हवीय का आजीची?"

सात वर्षांच्या पोरीला हे विचारायचं नसतं. प्रणालीला ते कळत होतं, म्हणूनच तिने विचारलं.

अन्वीने आजीकडे पाहिलं, मग कापशीकडे पाहिलं. "माझी," ती म्हणाली.

द्वारकेने सही केली. दोन्ही तळहातांवर सुती पट्ट्या बांधून सोहनीबाईंनी तिला मोरीतल्या गरम पाण्याच्या बादलीशी दोन तास बसवलं, आणि पट्ट्या बर्फाच्या डब्यात घालून नेल्या. दोन दिवसांनी चकत्या आल्या. बाकीच्या घरांत लोकांनी त्या चिमट्याने घातल्या. ते ससे भुकेने इतके कासावीस होते की कुणाच्याही हातून घेत होते. कापशीचं तसं नव्हतं. तिला गेले दोन आठवडे एकाच हाताची सवय होती. अन्वीने चकती धरली, तिने घेतली नाही. प्रणालीने धरली, नाही.

"तूच दे," प्रणाली म्हणाली.

पहिल्या दिवशी सकाळी कापशी धावत आली, तीन गिरक्या घेतल्या आणि द्वारकेच्या तळहातावरून चकती कुरुकुरू खाऊन टाकली. अर्ध्या तासाने तिने पाठीची कमान केली. मग कोपऱ्यात जाऊन बसली. दात वाजायला लागले. हे ते सुखाचं कुरकुरणं नव्हतं, करकर चावल्याचा आवाज होता, आणि तो दुपारपर्यंत चालू राहिला. द्वारका बाजूला बसून होती. तिला कळेना, हात फिरवावा की नाही, कारण हातच तर विष होता.

दुसऱ्या दिवशी कापशी आली, पण हळू. चकतीजवळ नाक नेऊन थांबली. मग तिने द्वारकेच्या तोंडाकडे पाहिलं. ससे असं बघत नाहीत, त्यांचे डोळे बाजूंना असतात. पण तिने मान वळवून एका डोळ्याने पाहिलं, आणि खाल्लं. द्वारकेच्या हातून आलेलं वाईट असेल यावर तिचा विश्वास बसत नव्हता. द्वारकेला त्या क्षणी तो सोळाव्या मजल्यावरचा खर्र खर्र आवाज आठवला, आणि तिने ओठ इतके दाबले की दाताचा वण उठला.

"आजी, तिला दुखतंय," अन्वी म्हणाली.

"आणखी एकदाच," द्वारका म्हणाली.

तिसऱ्या दिवशी कापशीने अर्धीच चकती खाल्ली. ती पुरली. चौथ्या दिवशी सकाळी द्वारका खोलीत आली तशी कापशीने मागचा पाय फरशीवर आपटला. धाड. ससा असा पाय संकटात आपटतो, साप किंवा कोल्हा दिसला की. तिने पुन्हा आपटला, आणि पळत जाऊन अन्वीच्या मांडीमागे लपली. तिचं अंग थरथरत होतं. अन्वीने दोन्ही हातांनी तिला उचललं, आणि कापशीने तिच्या काखेत तोंड खुपसलं.

पोरीचा चेहरा इतका फुलला की द्वारकेला बघवेना. "मम्मा, आली. माझ्याकडे आली." मग तिने वर पाहिलं. "आजी, तू जरा लांब हो ना. ती तुला घाबरते."

द्वारका दारापर्यंत मागे गेली. पाय आपटणं थांबेना. ती स्वयंपाकघरात गेली, तरी थांबेना. ती ज्या खुर्चीवर बसायची त्या खुर्चीकडे तोंड करून कापशी पाय आपटत होती. दुपारी प्रणालीने खुर्चीचा अभ्रा, आतल्या खोलीतली चादर, शाल, सगळं धुवायला टाकलं. द्वारकेची पिशवी तिनेच भरली. लाडवांचा डबा घासून, पुसून त्यात ठेवला.

"मी आंघोळ दोनदा करीन," द्वारका म्हणाली. "मोजे घालून बसेन घरात. एका कोपऱ्यात."

प्रणालीला राग आलेला नव्हता. तेच वाईट होतं. "दर रविवारी फोन करत जाऊ आई," ती म्हणाली. "व्हिडिओ कॉल. फोनला वास नसतो."

तिने लिफ्टचं बटण दाबून दिलं. सोळाव्या मजल्यावर लिफ्ट थांबली, दार उघडलं, बाहेर कर्णिक उभे होते, हातात रिकामा गोणपाट. त्यांनी आत पाहिलं. "तुम्ही जा पुढे," ते म्हणाले, आणि दार बंद होईपर्यंत तिथेच उभे राहिले.

कंपनीने द्वारकेला काढलं नाही. बाहेर तोंड उघडू नये म्हणून असेल. पेरातलं पाणी मोजायला आता यंत्र होतं, तिला पुड्यांवर नावं चिकटवायला बसवलं. तिथे गवताचा संबंध नव्हता, तरी हातमोजे सक्तीचे होते, कोपरापर्यंतचे, दोन एकावर एक. ते घालायला आता तिला बजावावं लागत नव्हतं.

रविवारी अकराला फोन वाजला. पडद्यावर अन्वी होती, तिच्या मांडीवर कापशी, तोंडात साध्या गवताची लांब काडी. काडी हळूहळू आत जात होती.

"बघ आजी, किती खाते."

"खाऊ दे गं," द्वारका म्हणाली. आणि मग न राहवून तिने हाक मारली. "कापशे."

कापशीचा कान हलला. ती खात राहिली. द्वारकेने आणखी एकदा हाक मारली, जरा मोठ्याने. ससा पडद्यापासून वीतभर अंतरावर होता, पाय स्थिर होते, अंग सैल होतं. तिच्या आवाजात त्याच्या ओळखीचं काहीच नव्हतं, चांगलं नाही आणि वाईटही नाही.

"बघितलंस?" अन्वी आनंदाने म्हणाली. "आता नाही घाबरत ती तुला. अशीच येत जा ना आजी. फोनवरच येत जा."

"बरं," द्वारका म्हणाली. "अशीच येत जाईन." नातीचा फोन बंद झाल्यावर तिने आपला फोन पदराने पुसला, टेबलावर ठेवला, आणि दोन्ही हात धुवायला मोरीशी गेली.